तृनाच

पत्र आलं जन्म-मृत्यू विभागात,
म्हणजे माझ्याकडे.
भुसावळ नगरपालिका, तळमजला, खिडकी तीन,
वर पंखा नसलेला हूक.

बाई लिहिते क्रोएशियातून:
आमच्या आडनावाचे आता अकराच उरलेत,
नऊ एका गावात,
दोघं शहरात, एकमेकांशी न बोलणारे.
बारावा बोटीने गेला होता, पणजोबांचा धाकटा भाऊ.
त्याचं शेवटचं पत्र तुमच्या गावाहून.
कुणी आहे का तिथे या नावाचं?

अकरा!
माझ्याकडे नुसत्या पाटलांना तीन कपाटं.
त्यातला एक शोधायचा तर विचारावं लागतं, कोणते पाटील?
तेव्हा कुठे कागदावर नसलेलं नाव बाहेर येतं:
विहिरीवाले. बोकड्याचे. रेडिओ पाटील.

तिच्या नावात आधी तीन व्यंजनं,
बोंडातल्या सरकीसारखी खेटून, मध्ये स्वर नाही.
साहेब म्हणाले, छपाईची चूक असेल.
पण आपला ऋ बसलाच होता रिकामा,
ऋषीपुरता, ऋणापुरता.
त्याला कामाला लावला: तृनाच.

अर्थ काटा, ती लिहिते.
त्यांच्याकडे तृन म्हणजे काटा.
मला शाळेत शिकवलं, तृण म्हणजे गवत.
वाटेत कुठे टोचणं गळून पडलं
की मऊ होतं तेच टोकदार झालं,
कोण कुणाकडून निघालं,
याची नोंद आमच्या विभागात नाही.

जुन्या वह्या काढल्या. शिंका आल्या.
१९०८, रेल्वेची चाळ: तिरनाक.
१९११, मुलगी झाली: टर्नाज.
१९१४, मयत: टर्नर.
लोको शेडात लेथवर उभा राहायचा,
लिहिणाऱ्याला वाटलं असेल, हा हुद्दाच सांगतोय.
आणि लढाई लागलेली त्या साली,
ऑस्ट्रियाच्या माणसाला टर्नर असणं
सोयीचंही असेल.

रविवारी गेले गोऱ्यांच्या कब्रस्तानात.
राखणदार एलिया सोनवणे, मूळ पारोळ्याकडचा.
म्हणाला, "टर्नर नही बाई, पन एक दगड शे,
त्यानं नाव कोनलेच वाचता येत नही."
हिवराखाली, आडवा, शेळ्या बसून गुळगुळीत.
पहिली अक्षरं बोटाला लागली.
शेवटच्या अक्षरावर शेवाळ.

बाईने लिहिलं होतं, त्यावर एक खूण असते,
ती असेल तर च चंद्राचा,
नसेल तर चाकाचा.
एलियाने काडेपेटीतली काडी दिली.
खरवडत गेले.
चाकाचा, चाकाचा, चाकाचा,
साठ-सत्तर इंजिनांची चाकं कातली असतील त्याने,
शोभलंही असतं.
मग काडी एका खाचेत अडकली.
नखाएवढी कोर, वर तोंड केलेली.

कुणी कोरायला लावली असेल ती?
पाथरवटाला काय माहीत!
शेजारी कुणीतरी उभं असणार,
बोटाने हवेत काढून दाखवत,
अशी. नाही, अशी.
मुलगी तेव्हा तीन वर्षांची. म्हणजे तिची आई.
आईचं नाव कुठल्याच वहीत नाही.

मुलगी पुढे कुठल्या आडनावात गेली
ते पान वाळवीने खाल्लंय.
म्हणजे ती त्या तीन कपाटांतही असू शकते.
एखादे रेडिओ पाटील उन्हात डोळे मिचकावतात,
आपण म्हणतो, घारे आहेत.

आम्ही चार बहिणी. भाऊ नाही.
दादा म्हणायचे, खुरासणे म्हणून जिल्ह्यात
आपलं एकच घर.
मी विचारलं नाही कधी, खुरासणी पेरत होतो
की गाळत होतो.
आता विचारायला कुणी नाही
आणि माझ्या आधार कार्डावर मी झांबरे.

उत्तर लिहिलं:
आपला बारावा इथे आहे, दगडावर, खुणेसकट.
तेरावीचा शोध चालू आहे.
सही केली. मग खाली, बारीक अक्षरात:
माहेरची खुरासणे.

शिक्का नेमका त्यावरच पडला.