वाढलं आहे

आमच्या घरात तांदूळ कधी संपले नाहीत.
आई म्हणायची, वाढले.
मीठ वाढलं, बांगडी वाढली.
'नाही' हा शब्द उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, एवढंच.

परळला, खिडकी नंबर सातवर,
मला एक शिक्का मिळालाय: उपलब्ध नाही.
जांभळी शाई. शाईचा तुटवडा कधीच पडत नाही.

व्हिन्क्रिस्टीन. अंगठ्याएवढी कुपी.
अकरा दिवस फ्रिजचा दुसरा कप्पा
नुसता थंड होतोय.

रात्री फोन लावतो.
फिलोमिना तुस्कानो, आमच्या वॉर्ड एकवीसची सिस्टर,
आता कॉर्कमध्ये.
इकडे पण नाही रे, म्हणते, पण इकडे पत्र येतं,
छापील, सहीचं, गैरसोयीबद्दल दिलगीर वगैरे.
मग समिती बसते, कुणाला आधी ते ठरवायला.
चहाबरोबर बिस्किटं असतात.
आणि सांगू? शेवटच्या खोक्यावर पत्ता होता
माझ्या माहेरापासून तासाभरावरचा.

किसुमूहून ओडेरा. पुण्यात फार्मसी केली त्यानं.
काय राव, अकरा दिवसांचं काय घेऊन बसलास,
आमच्याकडे मार्चपासून.
मग काय करता? मी विचारलं.
नेटवर्क गेलं की तो गप्प झाला,
कळलं नाही.

सकाळी छबूताई खिल्लारे, परतूरच्या.
पोराची फाईल पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
शिक्का वाचता येत नाही, रंग ओळखतात.
'भाईरच्या देशात तं असंल की?'
मी सांगितलं. कॉर्क. किसुमू. तिथंही नाही.
त्या हसल्या, ओझं उतरल्यासारख्या.
'मंग ठीकय. मला वाटलं, आमालाच नाई.'

हे वाक्य कोणत्या रजिस्टरात चढवू?

खिडकीबाहेर रखवालदार गुंजाळनं
डालड्याच्या डब्यात सदाफुली लावलीय.
हिच्याच पानांतून निघतं ते.
एवढ्याशा औषधाला पोत्यांनी पानं लागतात, माहीत आहे मला,
तरी येता-जाता फुलं मोजतो.
आज चौदा.

संध्याकाळी ठाण्याहून दोन कुप्या आल्या.
यादीत नऊ मुलं.
आमची समिती म्हणजे मी आणि शिंत्रे मॅडम,
जिन्याजवळ, उभ्यानं.
मॅडम वजनं वाचतात: आठ किलो, नऊ किलो,
लहान पोरं एका कुपीत दोन बसतात.
म्हणजे चार.
तनिष्क खिल्लारे पाचवा. वजन एकोणीस.
महिनाभरापूर्वी बावीस होतं.
मॅडमनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

त्याच्या नावापुढं शिक्का उचलला
आणि खाली ठेवला.
पेनानं लिहिलं, सुवाच्य अक्षरात:
औषध वाढलं आहे.

गुरुवारी वरून कागद परत आला,
लाल शाईत:
वाढीव साठा किती? तपशील द्यावा.