धक्क्यावर

तार्तूत, चमच्यांच्या बंद कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही नऊजण नसलेल्या वस्तू विकतो.
अगदीच नसलेल्या असं नाही:
छत्री उघडते, कंदील लुकलुकतो,
आणि लाल लोकरी कोट चढवला
की कुणाचेही खांदे जरा भरदार दिसतात.
मारेटनं त्या खांद्यांवर अकरा दिवस घातले.
किंमत एक युरो नव्वद सेंट.

आमच्या खेळात एक बंदर आहे, कायमची संध्याकाळ आहे,
जगभरातून लोक येतात, धक्क्यावर पाय सोडून बसतात,
गप्पा मारतात, जातात.
कुणी जिंकत नाही.
टाअवीच्या मते आमचं घोडं तिथंच पेंड खातं.

थंडी आम्ही बनवलीच नाही.
करायच्या कामांच्या यादीत ती सत्तेचाळिसावी,
पाऊस आणि मांजरांच्याही खाली.
तरी कोट खपतात.
का खपतात, त्याचा आलेख टाअवी दर सोमवारी भिंतीवर लावतो
आणि आम्ही आपापल्या खऱ्या कोटांत
(बिल थकल्यापासून हीटर बंद)
त्या चढत्या रेषेकडे हात चोळत बघतो.
खिडकीखाली एमायोगी गोठून पडलेली.

तक्रारी माझ्याकडे येतात.
कुणाची छत्री पुलावरून पडली.
कुणाला तुटलेल्या मैत्रीत दिलेला कंदील परत हवाय.
ठरीव उत्तरं आहेत, चौदा. बहुतेकदा पुरतात.

फेब्रुवारीत पार्नूहून उर्मास कुक्कचा निरोप:
वीस दिवस ट्रॉलरवर होतो.
घरी आलो तर कार्डावरचे एकशे पंधरा युरो नव्वद सेंट गायब.
पोरगा दहा वर्षांचा. विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी.
पैसे परत करा.

नियम सोपा: पैसे परत, तर वस्तूही परत.
मी उकूचं खातं उघडलं.
एकसष्ट कोट घेतलेले,
अंगावर एकही नाही.
तोच फुकटातला पांढरा सदरा, पहिल्या दिवशी आम्ही देतो तो.
सगळे कोट वाटलेले,
नव्यानं आलेल्यांना, सदऱ्यातल्यांना,
एक मनिलात, दोन रेसिफेत, जिथं आत्ता घामाच्या धारा असतील,
आणि प्रत्येक कोटाबरोबर एकच ओळ:
धक्क्यावर वारा असतो.

मी फोन केला. असं आम्ही करत नाही.
म्हटलं, एकसष्ट खांद्यांवरून काढून घ्यावे लागतील,
बटण माझ्यासमोर आहे, एकच आहे,
पण आधी ही ओळ ऐका.
पलीकडे बराच वेळ कुठलीतरी किटली शिट्टी घालत राहिली,
कुणी उतरवली नाही.
मग तो म्हणाला, हे मी म्हणतो.
निघताना. कोट घाल म्हणून. तो सोडायला येतो ना.

राहू द्या, म्हणाला.
मग, ठेवता ठेवता:
तुमच्या तिथं खरंच वारा असतो का?
मी खरं ते सांगितलं.

योसेपनं पाच रात्री जागून वारा बनवला.
कुणी सांगितलं नव्हतं, पगारही अर्धाच मिळत होता.
आता कोटांचे घोळ फडफडतात, कंदील डोलतात,
गप्पा मारणारे मध्येच थांबून म्हणतात, अरेच्चा.
पुढच्या सोमवारी आलेखाची रेषा कागदाबाहेर गेली,
टाअवीनं दुसरा कागद चिकटवला, केक आणला.
मीही खाल्ला. दोन तुकडे. खोटं कशाला बोलू.

कर्मचाऱ्यांनी खेळाडूंना भेटी देऊ नयेत असा नियम आहे,
माझ्याच हाताने लिहिलेला.

उकू रोज शाळेनंतर येतो,
धक्क्याच्या अगदी टोकाला उभा राहतो,
पाण्याकडे तोंड करून, सदऱ्यात.
आणि सदराही आता फडफडतो.