तेहतीस कोटी आणि वर

माझा बाप भुसावळच्या यार्डात नंबर घ्यायचा.
मालगाडी टेकली की बॅटरी मारत
डब्यामागून डबा, आकडा वहीत.
उरलेली रात्र घरी आकडे फोडत बसायचा.
जो फुटायचा नाही त्याला म्हणायचा, हा गडी.

बोंडे गार्डानं पैज लावली, भरिताची.
एकतीस घे. फुटत नाही.
तीनशे एकतीस. तीन हजार तीनशे एकतीस.
डाव्या अंगाला तीन लावत जाय, लोटू भो,
जल्मात फुटायचा नाही.

सहा झाले. सातवा तीन कोटी तेहतीस लाख
तेहतीस हजार तीनशे एकतीस.
त्याला पाच हजार सातशे त्र्याहत्तरच्या आतली
एकेक मूळ संख्या लावून बघायची होती.
थंडी गेली. सावद्याची केळी वॅगनीत चढली,
दिल्लीला जाऊन पिकलीसुद्धा.
आई म्हणायची, सतरांदा सांगितलं, दिवा मालवा.
चैत्रात त्यानं खाली रेघ मारली:
नाही फुटत.

आठवा तेहतीस कोटींचा.
देव जितके तितके, आणि वर
तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस.
हे वरचे कोण, ते बोंडेंनाही माहीत नव्हतं.
बापानं नवी वही आणली, दोनशे पानी,
पेन्सिलीला टोक काढलं, आईला म्हणाला,
आता दिवाळीपर्यंत मला काही सांगू नको.

तीननं भागलं, एक उरला.
सातनं, दोन. अकरानं, एक.
तेरानं, सहा.
चुलीवरचा चहा अजून उकळायचा होता.
सतरानं भागलं.

काही उरलं नाही.

त्यानं पुन्हा केलं. मग तोंडी पाढा म्हटला,
शाळेतल्या पोरासारखा, सतरा दाहे सत्तर-शंभरापर्यंत.
मग वहीची कोरी पानं
अंगठ्यानं नुसती फडफडवत बसला.

भरीत बोंडेंच्या मळ्यात झालं.
जिंकलेला माणूस म्हणाला, तिखट झालंय.
परत येताना यार्डात एका रिकाम्या वॅगनीवर
त्यानं खडूनं तो आकडा लिहिला, पूर्ण,
आणि गाडी नागपूरकडे गेली.

वही माझ्याकडे आहे. पहिल्याच पानावर
सतराच्या शेजारी दुसरा तुकडा:
एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस.
पुढे प्रश्नचिन्ह. पुढे काही नाही.

मोबाईलला विचारलं तर लगेच सांगेल.
मी परवापासून पेन्सिलीनं करतेय.
तेवीसपर्यंत आले.
एकवीस उरतात.