हातचा एक

पावणेसातला बस.
साडेसहापासून तो जिन्यात, तिसऱ्या पायरीवर,
डबा मांडीवर, चपलांचे पट्टे दोनदा तपासलेले.
दूर मोहम्मद दार सरकवून ओरडतो, "या श्रीरंग!"
अरबीत ती नुसती हाक आहे.
आमच्या जिन्यात मात्र ऐकू येतं, की अख्ख्या मस्कतमध्ये
एक माणूस माझ्या मुलाला अहोजाहो करतो.
चौतीस वर्षांचा माझा मुलगा धावत सुटतो,
मला टाटा करायला विसरतो.
विसरू दे.

अल खुवैरला, दवाखान्यामागच्या गल्लीत, पांढरा व्हिला.
आत नऊ जण.
हमूद, जो टाच वाजवून बोलतो.
सालिमा, जिला पंख्याची भीती,
म्हणून तिच्या खोलीतला पंखाच काढलाय.
आणि आमचा.
ते खजूर भरतात.
पुठ्ठ्याचा खोका, बारा कप्पे.
बारा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही,
खोक्याला ठाऊक आहे.

मी शिकवायचो त्याला, रुवीच्या दीड खोलीत,
रोज रात्री, पाटीवर.
सात आणि पाच. दोन मांड. हातचा एक.
तो हात उघडून बघायचा.
पालथा करून बघायचा.
"नाही, बाबा."
एकदा मी मारलंय त्याला, त्या एकासाठी.
हे वैजूलाही सांगितलेलं नाही.

झुवैना शिकवत नाही.
शेजारी बसून स्वतःचा खोका भरते, सावकाश,
जसं काही तिलाच नीट जमत नाही.
पहिले सहा महिने त्याने एकही खजूर ठेवला नाही,
नुसता वास घेत बसला.
घेऊ दे, म्हणाली.

आता दिवसाला चाळीस खोके.
फुटका खजूर निराळ्या वाडग्यात,
चिकट बोटं निळ्या फडक्याला,
आणि शेवटचा खोका मिटला की एक खजूर
सगळ्यांदेखत, लपवल्यासारखा, शर्टाच्या खिशात.
झुवैनाला नेमकी तेव्हाच
खिडकीबाहेरचे डोंगर बघायची आठवण होते.

अडीचला बेल, लांब.
"बाबा, धर."
खिशातला दोरा चिकटलेला.
मला साखर आहे.
मी खातो.

शुक्रवारी बस येत नाही.
शुक्रवार त्याला मान्य नाही.
नऊपर्यंत पायरीवर बसतो, मग दहापर्यंत.
शेवटी वैजू जिन्यातच डबा उघडते,
आणि दोघं तिथेच जेवतात, दहा वाजता,
वरच्या मजल्यावरची माणसं अंग चोरून उतरतात.

मार्चमध्ये मला साठ.
घल्याच्या गोदामात पाइप मोजायला
नवा पोरगा आलाय, टॅबलेट घेऊन.
श्रीरंगचा कफील मी. माझा कफील कंपनी.
कंपनीने केक आणला.

मिरजेला फोन केले. चार.
शाळा आहे, बाग आहे, बाई गोड बोलल्या.
"वय काय म्हणालात?"
"चौतीस."
"आमच्याकडे अठरापर्यंतच हो."
"आणि अठरानंतर?"
"मग काय, घरीच असतात."
वैजू भाजी निवडत होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
सगळे शुक्रवारच, असं काहीतरी मनात आलं,
मग मी तिच्या समोर बसून गवार मोडत राहिलो.

काल रात्री त्याच्याजवळ बसलो.
उद्याचे मोजे उशीपाशी, जोडीने.
"आपण मिरजेला जायचं, श्रीरंग. राहायला."
"बस?"
"तिथे बस नाही रे."
तो थांबला.
हात उघडून बघितला. पालथा करून बघितला.
मग माझा हात ओढून घेतला,
एकेक बोट सोडवत
तोही उघडून बघितला.