चकती

सुनावणी दहाची. सुरू झाली साडेअकराला.
लॅन्सिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
परवाना मंडळाचे पाच सभासद, एकाला सर्दी,
आणि समोर रेइनो केस्टिला, वय एकाहत्तर.
तांब्याच्या खाणी बंद पडल्या त्या गावातून
चाळीस वर्षं लोकांना पोचवणारा
एकटाच.
आज कोट अंत्यविधीचाच घालून आला होता.
दुसरा नसावा.

टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत चकती.
ती मला सापडली, त्याच्या गॅरेजमध्ये,
खुंटीवरच्या डगल्याच्या खिशात, खोकल्याच्या गोळ्यांबरोबर.
पोलादी, बटणाहून थोडी मोठी. ४४७१.
ही माणसाबरोबर भट्टीत जाते.
माणूस जातो, ही उरते,
राखेबरोबर डब्यात परत येते,
हा तोच, एवढं सांगायला.
हिच्यावर काळा डागसुद्धा नव्हता.

रेइनो म्हणाला,
फेब्रुवारीत शीतपेटीचा कॉम्प्रेसर गेला.
बाहेर उणे वीस. मला वाटलं,
थंडीच सांभाळेल दोघांना.
मग एका रात्रीत वारं फिरलं,
छपरावरून पाणी गळायला लागलं.
घाई झाली. गॅसचं बिल थकलेलं.
दोघांना एकदमच ठेवलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं,
मग कोणत्या डब्यात कोण?
तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला.
मोजून वाटली, म्हणाला.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर.
कोणाला कमी पडायला नको म्हणून.

सर्दीवाल्या सभासदानं नाक पुसायचं थांबवलं.

परवाना रद्द, कायमचा. दंड दहा हजार डॉलर.
आगाऊ भरलेल्या पैशांचं प्रकरण वेगळं, ते कोर्टात.
रेइनोनं पाकिटातलं कार्ड काढून ठेवलं,
आणि विचारलं, भिंतीवरची चौकट ठेवू का?
नुसती चौकट. बायकोनं करून घेतली होती.
याबद्दल नियमात काही नव्हतं.
इतिवृत्तात मी ते लिहिलेलं नाही.

त्याआधी महिनाभर
मी आउने पेल्कोनेनच्या घरी गेले होते.
खिडकीत डबा, शेजारी कॉफीचा,
पलीकडे सुपीरियर, अजून गोठलेलं.
तीन वर्षं रोज सकाळी ती नवऱ्याला सांगायची,
आज बर्फ कुठवर आलाय.
मी सांगितलं. कायद्यानं सांगावंच लागतं.
ती उठली, स्टोव्ह बंद केला, परत बसली.
दुसरा कोण?
लाकूडतोड्या होता, म्हटलं, अर्विड म्हणून.
नातेवाईक नाहीत. त्याचा डबा न्यायला
कोणी आलंच नाही.
म्हणजे माझा उर्हो निम्मा तिथे,
गॅरेजच्या फळीवर?
हो.
आणि हा अर्विड निम्मा इथे.
मी काही बोलले नाही.
फिन्निश माहीत असेल का गं त्याला, तिनं विचारलं,
मी आपली इतकी वर्षं बोलतेय.

मग म्हणाली, केस संपली की तो डबाही आणून दे.

त्यासाठी अर्ज लागतो.
बेवारस अवशेष, नमुना नऊ, तीन प्रती.
मृताशी नातं, या रकान्यापाशी ती अडली.
पेन्सिल ओठांवर धरून खिडकीकडे बघितलं,
आणि लिहिलं: निम्मं.
कार्यालयानं अर्ज दोनदा परत पाठवला.
तिसऱ्यांदा मी स्वतःच शिक्का मारला.
माझ्यावर कारवाई व्हायची असेल तर होऊ दे.

लॅन्सिंगहून तिच्या दारापर्यंत नऊ तास.
डबा शेजारच्या सीटवर ठेवला.
मॅकिनॅकच्या पुलावर वारा आडवा,
ट्रकांना बंदी, मी हळूहळू चाललेली,
आणि गाडी टिकटिक करायला लागली:
शेजारी कोणीतरी बसलंय,
पट्टा लावलेला नाही.
थोडा वेळ मी तसंच चालवलं.
पूल उतरल्यावर गाडी कडेला घेतली
आणि पट्टा लावला.