पाठमोरी

आमच्या दुकानावर घोड्याचं डोकं होतं, पत्र्याचं, सोनेरी.
दर वसंतात वडील शिडी लावून त्याला रंग देत,
आधी नाकपुड्यांना, मग आयाळीला.
खाली काच. काचेमागे संगमरवर.
संगमरवरावर, हिरव्या पाल्याच्या जुड्या लावून मांडलेला,
घोडाच.

बर्गंडीत तेव्हा ट्रॅक्टर आले होते.
शेतातून मोकळे झालेले आमच्या दारी येत,
जाड पायांचे, रुंद पाठीचे,
जू चढेल म्हणून सवयीनं मान पुढे करणारे.
आणणाऱ्याला वडील एकच विचारत,
"नाव काय ह्याचं?"
आणि वहीत लिहून घेत, वजनाच्या आधी.

मागच्या अंगणात, कापायच्या खोलीच्या दाराशी कोनाडा होता,
कोनाड्यात ती.
हातभर उंच, पिवळसर चुनखडीची,
घोडीवर एका अंगाला पाय सोडून बसलेली.
मांडीवर थाळी, थाळीत तोंड घातलेलं शिंगरू,
दुसऱ्या हातात किल्ली.
डोकं नाही.
तेओद्यूल आजोबांच्या फाळाला लागली
तेव्हाही नव्हतं.

शाळेतल्या बाईंनी नाव सांगितलं, एपोना.
रोमन येण्याआधीची, इथल्याच चिखलातली.
ते आले आणि त्यांच्या घोडेस्वारांनीच तिला उचललं,
तबेल्यातबेल्यातून बसवलं,
गुलाबांच्या माळा घातल्या.
बायकांना विटलेला एक माणूस आणि एक घोडी,
त्यांची ती लेक, असंही कुणी लिहून ठेवलंय.
हे बाईंनी गाळलं. मी मोठेपणी वाचलं.
किल्लीबद्दल एकमत नाही.
तबेल्याची म्हणतात.
पलीकडच्या दाराची, असंही म्हणतात.

गुरुवारी पहाटे वडील हात धुऊन यायचे,
दोन्ही हातांनी तिला फिरवायचे,
तोंड भिंतीकडे.
दुपारी फरशी धुऊन झाली की
तसेच, ओले हात एप्रनला पुसत,
पुन्हा सरळ.

मी नऊ वर्षांची. दुसऱ्याची चूक काढायची भारी हौस.
"पण बाबा, तिला तोंड कुठाय?"
ते सुरी पुसत होते.
"शिंगराला आहे ना," म्हणाले.

दुकान बंद झालं. पत्र्याचं डोकं भंगारात गेलं,
वही माझ्याकडे आली.
पिव्हॉन, काळी, सातशे बारा किलो.
मार्कीझ. डावा डोळा नाही. सहाशे चाळीस.
बारों, त्याच्या मालकाला रडू आवरेना, भाव वाढवून दिला.
एका पानावर नुसतं, झोरेत,
आणि वजनाच्या रकान्यात, गाभण. परत धाडली.
कुठं धाडली, कोणी ठेवून घेतली,
हे त्या वहीत नाही.

तिला मी गावच्या संग्रहालयात दिलं.
काचेच्या पेटीत, चारी बाजूंनी बघता येते आता.
पाठ घडवलेलीच नाही,
छिन्नीचे ओरखडे तसेच, घाईत सोडलेले,
भिंतीला लागून बसणारीला पाठ कशाला.
आणि दोन्ही अंगांना, हात पुरतो तेवढ्यावर,
काळपट तेलकट डाग.

बेरांजेर म्हणून तरुण मुलगी आहे तिथं, डिग्री घेतलेली.
तिनं डाग पुसले नाहीत. चरबी आहे म्हणाली, खोल मुरलेली,
दिव्यांची असेल, किंवा भाविकांच्या हातांची,
शतकं लागतात असं मुरायला.
"तुमच्या घरी दिवा लावायचे का हिच्यापुढे?"
मी म्हटलं, "रोज नाही. गुरुवारी."
तिनं ते टिपून घेतलं.
तिचं अक्षर सुरेख आहे.

मी जाते अधूनमधून. तिकीट मागत नाहीत.
पेटीला वळसा घालून मागे उभी राहते,
तिथून किल्ली दिसत नाही, थाळी दिसत नाही,
शिंगराचा एक कान तेवढा.
रखवालदार नवा आहे, चांगला आहे, खुर्चीवरून हाक मारतो,
"बाई, मूर्ती पुढून आहे."
हो म्हणते.