नाव मागावं लागतं

जमिनीवर होता तोवर पोरं त्याला डबाच म्हणत.
तुळशीबागेतल्या चारपुडी डब्याएवढा, वजनाला जरा कमी.
फायलीत त्याचं भारदस्त नाव होतं, विभागप्रमुखांनी सुचवलेलं,
जोडाक्षरं तीन;
मोर्समध्ये ते पाठवता पाठवता बॅटरीच बसली असती.
म्हणून शलाका टिळेकरनं त्याला चारच अक्षरं शिकवली
आणि नीट वाजतात का ते विचारायला
धनकवडीत माझ्या दारी आली.
तारघरातून निवृत्त झाले, कान तिथलाच राहिला.
मी म्हटलं, रेघ लांब धर गं,
हा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा बोलतोय.

वर गेल्यावर नावं गळून पडतात.
एका रॉकेटातून तेवीस जण उतरले
आणि यादीत नुसतं ऑब्जेक्ट ए, ऑब्जेक्ट बी, सी, डी,
कार्यालयाबाहेरच्या चपलांसारखे:
आपली कुठली?

अकरा रात्री गच्चीवर खरखर ऐकली.
अँटेना तपकीर गल्लीतल्या पाइपाची,
त्यावर सुताराच्या मोजपट्टीचे तुकडे,
इंचांचे आकडे अजून दिसणारे.
अन्वर मोमीन ती खांद्यावर धरून
कात्रजच्या डोंगराकडून टाक्यांच्या वरून हळूहळू वळायचा,
खालच्या मजल्यावरचे देवल विचारायचे, केबल गेली का?

बाराव्या रात्री आला.
आधी बारीक, मग सरळ डोक्यावर,
मग जाता जाता स्वर उतरत गेलेला.
चार अक्षरं. पुन्हा चार अक्षरं.
मी लिहून घेतली, हात थरथरला ते वहीत दिसतं.
बाराव्याच दिवशी, हे माझ्या मनात आलं,
बोलले नाही; शलाका व्होल्टेज मोजत होती.

मग कळलं, नाव आपोआप लागत नाही.
मागावं लागतं.
दूरदेशी कुणी हौशी माणूस बसलेला असतो, बिनपगारी,
त्याला लिहायचं: आमचा वर पोचला आहे,
बोलतो आहे,
परवाना हा असा, लहरी या अशा,
तरी रांगेतला पुढचा आकडा मिळावा.
आधी मागून चालत नाही.
जमिनीवरच्याला आकडा नाही.
गप्प राहिलेल्यालाही नाही.
ऑस्कर हे आडनाव, एकसष्ट सालापासूनचं
(सिनेमावाल्यांचं नव्हे, देवल),
जपानी, जर्मन, ब्राझीलचे, सगळे त्याच घरातले,
आणि आता त्यांच्यात आमचा डबा,
शंभराच्या बराच पुढचा.
विभागप्रमुखांनी बॅनरवर तरी जोडाक्षरंच छापली.

पेढे खाताना कुणी सदानंद हुलवळेचं नाव काढलं नाही.
चार वर्षांपूर्वी त्याच्या बॅचचाही एक गेला होता,
याच गच्चीवरून आम्ही सव्वीस रात्री ऐकला,
म्हणजे ऐकला नाही.
सदानंद आता नगर रोडला गिअरचे दाते तपासतो.
मागायला काही नव्हतं, म्हणून त्यानं मागितलं नाही.
यादीत तो अजून ऑब्जेक्ट एफ आहे,
आणि फिरतो आहे, इतरांच्याच वेगानं.

सकाळी सव्वाआठच्या सुमाराला तो पर्वतीच्या बाजूनं चढतो.
दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करते, वर येते.
म्हणतात, काही जण बॅटरी पार मेल्यावर, कितीतरी वर्षांनी,
नुसत्या उन्हावर बोलायला लागतात.
म्हणत असतील.
दहा मिनिटं खरखर. खालून शाळेच्या रिक्षाचा हॉर्न.
वहीत तारीख, वेळ, किती अंशांवर,
आणि हाकेच्या नावाचा रकाना,
तो कोरा ठेवायची तारघरात मुभा नव्हती.
म्हणून तिथं मी एक टिंब देते, एक रेघ.
त्याचं अक्षर होतं ए.
नाव ठाऊक नसलेल्याला
रस्त्यात आपण मारतो तेवढीच हाक:
ए.